कलम नऊ

३ एप्रिल

प्रिय भिंगरी,

तू आईकडे पोचलीस हे आईच्या फोनवरून कळलं. "पोरगी पार वाळलीय गं," असं तिने तीनदा सांगितलं. मी गेल्या दहा वर्षांत तिला एकदाही वाळलेली दिसले नाही, पण असो, मी वाळण्यातली नाहीच. तुम्ही दोघी बऱ्या आहात असं धरून चालते. माझंही ठीक आहे. कार्यालयात रंगकाम काढलंय, म्हणून आमचं पडताळणीचं टेबल सध्या जिन्याखाली आहे. दिवसभर डोक्यावरून लोक धडाधड वर-खाली करतात आणि मी मान खाली घालून कुणीतरी कुठेतरी ठोकलेली आकडेवारी तपासत बसते. पाठ दुखते. बाकी काही नवीन नाही.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? मी एखाद्या शब्दावर अडखळले की माझं वाक्य तूच पूर्ण करून मोकळी होतेस, आणि बहुतेक वेळा मला म्हणायचं असतं त्याच्यापेक्षा बरं करतेस. कागदावर तुला ते जमणार नाही.

तुझ्या त्या बातमीबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण दुसरं काय लिहिणार? मग माझ्या सवयीनेच लिहिते, आधी दावा, मग कागद. तुला सगळं पाठ आहे, तरी वाच.

विरोधी नेता सभेत ओरडला, "सरकारने आपलं बेट विकलं! तिथे परक्यांचा लष्करी तळ आहे आणि आपल्या माणसाला आपल्याच समुद्रात जायला परक्याची परवानगी लागते!" परराष्ट्रमंत्री म्हणाले, "एक इंचही दिलेला नाही. तळ करारावर आहे, सार्वभौमत्व अबाधित आहे." मग तू बेटावर गेलीस. त्या म्हाताऱ्या होडीवाल्याला कॅमेऱ्यापुढे उभं केलंस, त्याच्या हातातला पास दाखवलास आणि सांगितलंस की हा पास तळाच्या फाटकावर परका शिपाई देतो. मंत्रालय म्हणालं, साफ खोटं. आणि ते खरं की खोटं हे ठरवायचं काम आमच्या टेबलावर आलं.

मी कागद पाहिले. करार पाहिला, कलम दोन आणि कलम नऊ. कलम दोन म्हणतं, जमीन आणि समुद्र आपले. कलम नऊ म्हणतं, तळाजवळच्या पाण्यात जायचे पास आपल्याच बंदर अधिकाऱ्याने द्यायचे. बंदर अधिकाऱ्याशी बोलले. त्याने सात पासांच्या प्रती पाठवल्या, सातही पासांवर त्याची सही, त्याचा शिक्का. आम्ही तुझ्या बातमीवर पेपरात 'खोटं' असा शेरा छापला. तुझं नाव छापलं नाही, फक्त 'एका वाहिनीची बातमी' म्हटलं. ते मी मुद्दाम केलं, तुझ्यासाठी.

मंत्री आमचं कात्रण सभागृहात फडकावतील, हे मला काय माहीत? वाहिनी तुला चार दिवसांत घरी बसवेल, हेही नव्हतं माहीत.

तू फोन केलास तेव्हा मला वाटलं, आता भांडशील. मी तयारी करून बसले होते, कागद समोर होते. आणि तू म्हणालीस, "ताई, तू तपासलंस ना, मग माझंच काहीतरी चुकलं असणार." वर मलाच विचारलंस, "तुला त्रास नाही ना झाला गं माझ्यामुळे?"

आईला सांग, गुडघ्याचं मलम संपलं असेल तर कळव. तू आल्यापासून तिला गुडघे आठवतही नसतील म्हणा.

तुझी ताई


१७ एप्रिल

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र मिळालं. सहा ओळी. त्यातल्या चार माझ्या पाठीबद्दल. उरलेल्या दोन मी इतक्यांदा वाचल्या की कागद घडीवर फाटायला आलाय. "ताई, मी डोळे मिटून परत परत आठवते. मला अजूनही तो शिपाईच पासावर लिहिताना दिसतो. पण डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की तुझ्यावर, असं असेल तर तुझ्यावर."

असं लिहू नये माणसाने. समोरच्याला ते पेलेल का, याचा विचार करावा.

आई म्हणते तू सकाळी उशिरापर्यंत झोपतेस आणि मग गच्चीवर जाऊन बसतेस. टीव्ही लावू देत नाहीस. आईने माझ्याजवळ रडून घेतलं. रडता रडता म्हणाली, "तिचा आवाज ऐकल्याशिवाय संध्याकाळ सरत नाही गं." मी रोज संध्याकाळी सात वाजता तिला फोन करते, भिंगरी. गेली आठ वर्षं.

तुझ्यावर रागावले नाहीये. तसं वाटत असेल तर थोडं मागचं सांगते, म्हणजे राग आणि दुसरं काहीतरी यातला फरक तुला कळेल.

शाळेत वक्तृत्व स्पर्धेची भाषणं मी लिहायची आणि बोलायचीस तू. मी अडखळायची म्हणून बाबांनीच तशी वाटणी केली होती. एकदा तू कप घेऊन आलीस आणि बाबांनी तुला उचलून घेतलं. मी दारात उभी होते. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बघ, कसं बोलली ती!" माझी वाक्यं होती ती. तू नऊ वर्षांची होतीस, तुझा त्यात काय दोष? पण त्या दिवशी पोटात जे दुखलं त्याला औषध सापडलं नाही.

आता दुसरं. हे कुणालाच माहीत नाही. तुझ्या वाहिनीत तुझ्या दोन वर्षं आधी मी अर्ज केला होता. लेखी परीक्षेत पहिली आले. मग कॅमेऱ्यापुढे उभं केलं आणि 'सार्वभौमत्व' या शब्दावर माझी गाडी अडली. सा, सा, सा. दिव्यापलीकडे कुणीतरी खोकलं. मी माफ करा म्हणून बाहेर आले आणि पुढच्या महिन्यात इथे पडताळणीला रुजू झाले. दोन वर्षांनी तू त्याच दारातून आत गेलीस आणि मला पेढे वाटल्यासारख्या आवाजात फोन केलास, "ताई, झालं!" मी म्हटलं, "वा!" एवढाच एकाक्षरी शब्द मला तेव्हा न अडखळता आला.

आणि बेटावरून तू फोन केलास तो दिवस. "ताई, हे कलम नऊ मला काही झेपत नाहीये, सांग ना." मी पाऊण तास समजावलं. कुठला शब्द कशासाठी आहे, 'देणे' आणि 'वितरित करणे' यात काय फरक, सगळं. तू हूं हूं करत होतीस. दुसऱ्या दिवशी तू पडद्यावर उभी राहिलीस, मागे समुद्र, केस उडतायत, आणि म्हणालीस, "करारात हा समुद्र आपला आहे. फाटकावर तो त्यांचा आहे." बस्स. माझ्या पाऊण तासाची दोन वाक्यं. कार्यालयात सगळे टीव्हीपुढे थबकले. आमचे संपादक, जे कुणाला सहसा चांगलं म्हणत नाहीत, ते म्हणाले, "काय बोलली पोरगी!" मग माझ्याकडे वळून, "तुमची बहीण ना ही?"

मी हो म्हटलं. माझ्या तोंडाला कडू चव आली होती, खोटं नाही सांगत.

दोन दिवसांनी तीच बातमी तपासायला आली तेव्हा संपादकांनी विचारलं होतं, "घरचं प्रकरण आहे, दुसऱ्या कुणाला देऊ का?" मी म्हटलं, "नको, मला जमेल. मी नातं बघत नाही." टेबलावरचे सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. आणि मला ते फार आवडलं.

त्या दिवशी दुपारी आणखी एक गोष्ट झाली. ती आत्ता लिहीत नाही. रंगवाले आलेत, टेबल पुन्हा हलवायचंय.

रजा टाकली आहे. कुठे जाते ते परत आल्यावर सांगेन. आईला म्हणावं, कामासाठी गेली आहे.

ताई


९ मे

भिंगरी,

आधी कामाचं सांगते, नाहीतर माझं धैर्य वाटेतच संपेल. तुझी बातमी खरी होती. आणि ती खरी आहे हे मला आमचं पान छपाईला जायच्या आधी कळलं होतं.

आता नीट सांगते.

पान जायचं होतं सहाला. सव्वाचार वाजता बंदर कार्यालयातून माझ्या नावाने एक फॅक्स आला. पाठवणारी तिथली कारकूनबाई. दोन पानं. पहिल्यावर तिच्या हातची चिठ्ठी: 'साहेबांनी तुम्हाला पाठवलेले पास खरे आहेत, पण अर्धी गोष्ट आहे. साहेब दर महिन्याला दोनशे कोरे पास सही-शिक्का करून तळाच्या फाटकावर पाठवतात. कुणाला द्यायचा, कुणाला नाही, कुठल्या तारखेचा, हे फाटकावरचे लोक लिहितात.' दुसऱ्या पानावर जावक नोंदवहीची प्रत. कोरे पास, संख्या दोनशे, रवाना. महिन्यामागून महिने.

मी वाचलं. दोनदा वाचलं. मला सगळं लख्ख कळलं. सही आपली आणि मर्जी त्यांची. तू जे बोललीस, शब्दाला शब्द तेच.

तेवढ्यात त्या बाईचा फोन आला. "पोचला का हो कागद?" मी म्हटलं, "मिळाला. आभारी आहे." मग मी तो फॅक्स 'नंतर पाहू' लिहिलेल्या फायलीत घातला, फाईल कपाटात ठेवली आणि चहा प्यायला गेले. मनाशी म्हटलं, एकाच बाईची चिठ्ठी आहे, दुसरा पुरावा नाही, घाईने छापणं बरं नव्हे, उद्या शहानिशा करू. सगळी कारणं आमच्या धंद्यात चालणारी होती. पण भिंगरी, कागद शंकास्पद असला की मी पान थांबवते. गेल्या आठ वर्षांत अकरा वेळा थांबवलंय. त्या दिवशी थांबवलं नाही, कारण मला तू एकदा तरी चुकायला हवी होतीस. सगळ्यांसमोर. आणि ती चूक मला स्वतः दाखवायची होती.

हे लिहायला मला पाच आठवडे लागले.

तुझ्या सहा ओळी आल्यावर मी बेटावर गेले. बोटीत मला ओकाऱ्या झाल्या, तुला झाल्या होत्या का माहीत नाही, तू कधी सांगितलं नाहीस. बंदर कार्यालय म्हणजे दोन खोल्या आणि मिठाने खाल्लेली लोखंडी खुर्ची. कारकूनबाई माझ्याएवढीच असेल, चष्म्याला दोरी. मी नाव सांगितलं. तिने टाचण्यांची डबी बाजूला केली आणि म्हणाली, "तुम्ही मिळाला म्हणालात."

"हो."

"मग छापलं का नाही?"

मी बोलायला गेले आणि अडखळले. तिने माझं वाक्य पूर्ण केलं नाही. थांबून राहिली. शेवटी मी म्हटलं, "चूक झाली." ती म्हणाली, "चूक नोंदवहीत होते, बाई. बेरीज चुकते ती चूक. साहेबांना कळलं मी कागद पाठवला ते. माझी बदली झालीय. पंधरा तारखेला जाते. मुलीची इथली शाळा सुटते."

मग तीच उठली, मला फाटकापर्यंत घेऊन गेली. सकाळचे नऊ वाजले होते. होडीवाले रांगेत उभे होते. चौकीच्या खिडकीत एक गोरागोमटा शिपाई, अगदीच कोवळा, बंदर अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्याच्या कोऱ्या गठ्ठ्यातून एकेक पास काढून त्यावर नाव लिहीत होता. इथली नावं त्याला लिहिता येत नव्हती, म्हणून लोक एकेक अक्षर सांगत होते. तुझा म्हाताराही होता रांगेत. त्याचा नंबर आला तेव्हा शिपायाने मान हलवली, खिडकीतून हात बाहेर काढून 'नाही' केलं. कारण सांगितलं नाही. म्हातारा जाळं खांद्यावर टाकून मागे वळला. मी त्याला गाठलं.

"काका, आज का नाही?"

"टीव्हीवर बोललो तेव्हापासून आठवड्यातून तीनदा नाही होतं." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "ती दुसरी कुठे गेली? पोरगी? तुमच्यासारखंच नाक होतं."

मी म्हटलं, घरी आहे. तो म्हणाला, "बरी आहे ना? मला वाटलं तिलाही पास बंद झाला."

मी सगळं लिहून घेतलं. तीन दिवस राहिले, नऊ होडीवाल्यांशी बोलले, पासांच्या प्रती घेतल्या. अक्षर सगळ्यांवर एकच, त्या शिपायाचं. परत येऊन थेट संपादकांच्या खोलीत गेले.

त्यांनी सगळं पाहिलं. खूशच झाले आधी. "मोठी बातमी आहे ही! आणि आपल्या त्या जुन्या शेऱ्याची दुरुस्ती पान आठवर तळाशी दोन ओळींत टाकू." मी म्हटलं, "नाही. खोटं म्हणून जिथे छापलं तिथेच, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. आणि कागद आपल्याकडे आधीच आला होता, हेही."

"कधी आला होता?"

"छपाईच्या पावणेदोन तास आधी. माझ्या हातात."

त्यांनी चष्मा काढला. "मग तुम्ही..." माझं उत्तर तयार होतं, एकाच बाईची चिठ्ठी, दुसरा पुरावा नाही वगैरे. तोंडातून आलं ते वेगळंच. "ती माझ्यापेक्षा चांगलं बोलते, म्हणून." एकदाही न अडखळता बोलले गं.

दुरुस्ती परवा पहिल्या पानावर आली. सोबत कात्रण पाठवते आहे. त्यात दोन्ही लिहिलंय. बेट विकलेलं नाही, नेत्याचं ते म्हणणं खोटंच आहे. करारात आपला हक्क शाबूत आहे. पण तो हक्क वापरायचा कुणी, हे आपल्या माणसाने कोरी सही देऊन परक्याच्या हातात सोपवलं आहे, आणि हे सांगणारी बातमी खरी होती. या वेळी तुझं नाव छापलं. खाली माझंही.

पडताळणीचं टेबल माझ्याकडून काढून घेतलंय. मला वाचकांच्या पत्रांवर बसवलंय. योग्यच आहे. काल तुझ्या वाहिनीतून माझ्याकडे तुझा पत्ता विचारला, मी दिला. जायचं की नाही ते तू ठरव, मी मत देणार नाही. बंदर अधिकाऱ्याची चौकशी लागली आहे, कोरे पास परत मागवलेत. कारकूनबाईची बदली मात्र रद्द झालेली नाही. तिच्यासाठी मी तीन ठिकाणी अर्ज केलेत आणि तिन्हीकडून 'विचाराधीन' असं उत्तर आलंय. तू बोललीस तर कदाचित काही होईल. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी बोल.

आता शेवटचं. परवा संध्याकाळी सगळ्या पडद्यांवर तुझा जुना फोटो पुन्हा झळकला. समुद्र मागे, केस उडतायत. कार्यालयात टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. आणि भिंगरी, वाजवता वाजवता पोटात पुन्हा तेच दुखलं. एवढं सगळं होऊनही. मला वाटलं होतं, कबूल केलं की जाईल. नाही गेलं. तुला खोटं सांगायचं नाही, म्हणून हेही लिहिते.

तू लगेच 'जाऊ दे ताई' म्हणशील, मला ठाऊक आहे. म्हणू नकोस. थोडे दिवस रागव माझ्यावर. आईला कात्रण वाचून दाखव, तुझ्याच आवाजात, आणि माझी ओळ गाळू नकोस. ती मला काय म्हणेल ते म्हणू दे.

तुझ्यावर आजही जळणारी, आणि कुणी विचारलं तर सगळ्यांत आधी तुझंच नाव घेणारी,

तुझी थोरली